बाबांची नॉर्मल रिपोर्टांची फाईल

बाबांना डोळे दाखवायला पहिल्यांदा यवतमाळला नेलं, त्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फाईल मारून एसटीत बसले. फाईलमध्ये माझ्याच लॅबचे रिपोर्ट होते... शुगरचे, आणि सगळे नॉर्मल. पंधरा-सोळा वर्षं झाली, अजून ती फाईल आठवली की मला माझाच राग येतो.

बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापसाचे ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या बैलबंडीतून मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत ओढून तंतूची लांबी बघायची आणि पिवळा, डागी कापूस किती मिसळलाय ते जागेवर सांगायचं. सगळी भाकरी नजरेवर... आणि अंगात बारा वर्षांची शुगर.

मी गावातल्याच लॅबमध्ये टेक्निशियन. दर महिन्याला त्यांचं रक्त मीच घ्यायची. दोन दिवस आधी आठवण करून द्यायची आणि तिथेच घोळ होता. त्या दिवसापासून बाबांचा भात बंद, चहा बिनसाखरेचा, दोन्ही वेळा कारलं आणि एरवी विसरलेल्या गोळ्या अगदी घड्याळ लावून.

मग उपाशीपोटीची शुगर छान यायची. रिपोर्ट हातात पडला की संध्याकाळी घरात जिलेबी.

मला हे सगळं दिसत होतं हो... परीक्षेपुरता अभ्यास करता म्हणून मी त्यांना चिडवायची आणि जिलेबीचा एक वेढा मीही उचलायची. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी नागपूरला पाठवावी लागायची. ती मी दर वेळी पुढे ढकलली. खरं सांगायचं तर तो नॉर्मल आकडा मलाही हवा होता.

डोळ्यांचंही तसंच. एकदा त्यांना म्हटलं, पडदा तपासून घेऊ. त्यांनी एवढंच विचारलं, "ते थेंब टाकल्यावर किती येळ धूसर दिसते?"

चार-पाच तास, मी म्हटलं.

"मंग हंगाम सरल्यावर पाहू. एका दिवसात शेठ दुसरा माणूस बसवून देते."

ती कापसाचे भाव कोसळल्याची वर्षं होती. जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या, त्यामुळे भीती खोटी नव्हती. हंगाम सरला, दुसरा आला, तोही सरला.

त्याच दिवसांत एकदा दुपारी बाबा जिनिंगच्या यार्डातून घामाघूम होऊन घरी आले. दम लागलेला, चेहरा उतरलेला. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले, मग मी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि निर्धास्त झाले. मी, लॅबमधली शहाणी...

मग एक दिवस त्यांनी डागी कापसाची अख्खी बंडी चांगली म्हणून पास केली. घरी येऊन म्हणाले, "डोयापुढं काळं जाळं फिरून राह्यलं." तेव्हा कुठे आम्ही यवतमाळची एसटी धरली.

डॉक्टरांनी थेंब टाकले आणि तपासलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. बीपी मोजलं तर तेही भलतंच वाढलेलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा किती वर्षांपासून खाता, लघवीतली प्रथिनं कधी तपासली, कोलेस्टेरॉल किती... एकेक प्रश्न येत होता आणि बाबा माझ्याकडे बघत होते. यातलं काहीच मी कधी तपासलं नव्हतं.

शेवटी त्यांनी फाईल पुढे केली. "साहेब, हे पाहा ना. माये सारे रिपोर्ट नॉर्मल हायेत. पोरगीच काढते."

डॉक्टरांनी पानं उलटली, प्रत्येक पानाखालची माझी सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. फाईल मिटून बाबांच्या हातात परत दिली. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांची शुगर नॉर्मलच्या दुपटीच्या आसपास निघाली. त्यांनी करायला लावलेल्या ईसीजीत तर हृदयाला आधीच एक झटका येऊन गेल्याचं दिसलं. जुन्या शुगरमध्ये नसा बधिर होतात, छातीत कळ येतेच असं नाही... हे मी अभ्यासात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ती घामाची दुपार मला तिथेच, दवाखान्याच्या बाकावर आठवली.

लेझरने डावा डोळा वाचला, उजवा गेला. ग्रेडरचं काम सुटलं. पुढची चार वर्षं बाबा ओट्यावर बसून असायचे, खर्रा सोडून बडीशेप चघळत. मग एका पहाटे हृदयाने साथ सोडली.

हल्ली मी ज्यांच्या घरी रक्त घ्यायला जाते, त्या पेशंटना येण्याचा दिवस सांगत नाही. तीन महिन्यांच्या शुगरसाठी भांडते, पायाला मुंग्या येतात का विचारते, डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी मागते. लोक कटकटी म्हणतात. म्हणू देत.

त्या चार वर्षांत ओट्यावर कुणीही येऊन टेकलं की बाबा अभिमानाने सांगायचे, "एक डोया तरी वाचला, पोरीनं येळेवर नेलं मले." मी आतून ऐकायची.

मी वेळेवर नेलं नव्हतं, बाबा... हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.