चष्मा उतरला की माइक बंद

वकीलबाईंना मी ओळखत होतो असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांच्या घरी कोण कोण होतं, हेही मला त्या गेल्यावर कळलं. परिषदांमध्ये त्या शेवटच्या रांगेत, माझ्या टेबलाशेजारी बसायच्या. त्यामुळे मला आठवते ती त्यांची एकच बाजू: उजवा कान, त्यामागे खोचलेली पेन्सिल आणि चष्म्याची काडी. तेवढ्यावर माणसाबद्दल लिहावं का, कोण जाणे. पण दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

आमची संस्था धातूवर उष्णतेत टिकणारा लेप देण्याचं संशोधन करायची. मी तिथे माइक आणि स्पीकर सांभाळायचो. अधूनमधून संस्था परदेशात परिषद भरवायची आणि बाई सोबत असायच्याच. कारण कायदा. जे छापून आलंय ते कुणालाही सांगावं. जे छापलेलं नाही ते परक्या देशाच्या माणसाला परवानगीशिवाय सांगायचं नाही. व्यासपीठावर नाही, चहाच्या टेबलावर नाही, कागदी रुमालावर चित्र काढूनही नाही. यजमान आपण असलो तरी सूट नाही. निघण्याआधी बाई सगळ्यांना बसवून हे समजावायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "छापलेलं बोला, बाकीचं गिळा."

आमची खूण ठरलेली होती. बोलणं हद्दीबाहेर चाललं की बाईंनी चष्मा काढायचा, मी माइक बंद करायचा आणि वक्त्याने विषय बदलायचा.

हे सगळ्यात जास्त जाचायचं ते लेप भट्टीत भाजणाऱ्या आमच्या भट्टीवाल्या सरांना. बाई दिसल्या की ते हळूच म्हणायचे, "आल्या सासूबाई." सरांचा एक जुना परदेशी मित्र होता. त्याच्या प्रयोगशाळेतला लेप भट्टीतून निघाला की पापुद्र्यासारखा सुटायचा. यातच त्याची सगळी नोकरी सरत आली होती. एका वर्षीच्या परिषदेत त्याने भर सभेत सरांना विचारलं, "तुम्ही भट्टी थंड कशी करता?"

उत्तर सरांना तोंडपाठ होतं, पण ते छापलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर सरांची नोकरी गेली असती, खटला झाला असता, आणि तक्रार बाईंनाच करावी लागली असती.

सर फळ्याकडे वळले. बाईंनी चष्मा काढला. मी माइक बंद केला. पण खोली लहान, आणि सरांची उमेदीची वर्षं वर्गात शिकवण्यात गेलेली. माइक गेल्यावर त्यांचा आवाज उलट चढलाच. "आधी भट्टीचं दार," त्यांनी सुरुवात केली.

बाई उठल्या आणि मधल्या वाटेने जाऊन पुढच्या रांगेत बसल्या. "सर, हे छापून आलंय?" त्यांनी आमच्या भाषेत विचारलं.

सर थांबले. "नाही आलं, बाई."

"मग आधी छापू या."

"तोवर हा घरी बसेल."

"मी मागे लागते. पण आज नको."

मित्राला आमची भाषा कळत नव्हती. सरांनी खडू खाली ठेवला, तेव्हा मात्र तो समजला. मान हलवून बसला.

चहाच्या वेळी सर मला म्हणाले, "तुमच्या शेजारणीने माझं नाक कापलं." बाईंनी ते ऐकलं असावं. त्या बिस्किट खात राहिल्या.

मग बाई खरोखरच मागे लागल्या. सरांचा लेख सरकारी कचेरीतून परत यायचा, बाई तो घेऊन सरांच्या दारात उभ्या राहायच्या, सर करवादत पुन्हा लिहायचे.

"माझी नात चालायला लागली, बाई. तुमची परवानगी अजून रांगतेच आहे."

"रांगू दे. पडणार नाही."

परवानगी आली, लेख छापून आला. मित्र निवृत्त होण्याच्या बेतात असताना त्याचा एक फोटो आला: भट्टीतून काढलेला तुकडा, लेप जागच्या जागी. सरांनी तो बाईंच्या टेबलावर ठेवला. "बघा, सासूबाई." बाई बराच वेळ बघत होत्या.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "बाई, त्या फोटोत एवढं काय बघत होतात?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आवाजवाले. सुटलेलं नाही, एवढं दिसलं."

"उद्या सरांचं भाषण आहे. छोट्या खोलीत माइक लावू का?"

"कशाला? सर आहेत ना."