सहा बदामांवरचं डबल

पानं वाटून झाली की डॉक्टर आधी चष्मा काढत. आपली तेरा पानं एकदा बघून घेत, रंगाप्रमाणे लावत, टेबलावर पालथी ठेवत आणि मग छताच्या पंख्याकडे पाहत बसत. चष्म्याशिवाय त्यांना तो पंखा दिसतच नसे, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही बाकीचे तिघं वाट पाहायचो. चहा यायचा, गार व्हायचा. एकदा जिनिंगवाले शेठ मधेच उठून फॅक्टरीत गेले, आलेला कापूस उतरवून घेऊन परत आले, तेव्हा डॉक्टर नुकताच चष्मा डोळ्यांवर चढवत होते.

"पास," डॉक्टर म्हणाले.

"एवढा विचार करून पास?" शेठ वैतागले.

"मंग तुमी काय बोलले असते?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते टोमणा म्हणून विचारत नसत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे.

ज्यांनी ब्रिज पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चौघांचा खेळ, समोरासमोरचे दोघं भागीदार. पानं खेळायच्या आधी बोली होते. आपण किती हात करू आणि हुकूम कोणता, हे पाळीपाळीनं सांगायचं. सांगण्यासारखं नसेल तर पास म्हणायचं. विरुद्ध बाजूचा ऐपतीबाहेर बोलला असं वाटलं तर डबल म्हणायचं. मग तो बुडाला तर जोरात बुडतो. भागीदाराची पानं दिसत नाहीत, ती त्याच्या बोलीवरून ओळखायची. डॉक्टरांच्या मते खरा खेळ एवढाच. पुढे पानं टाकत बसणं ही नुसती मजुरी.

डॉक्टर म्हणजे गुरांचे. मूळचे बोरी अरबचे, नोकरी राळेगावच्या सरकारी दवाखान्यात. मी बांधकाम खात्यात उपअभियंता. विश्रामगृह माझ्या ताब्यात, म्हणून खेळायची जागा माझी. शेठ आणि कॉलेजचे प्राचार्य एका बाजूला, डॉक्टर आणि मी दुसऱ्या.

राळेगावात आणि यवतमाळच्या क्लबात डॉक्टरांबद्दल एक गोष्ट सांगतात. मुंबईहून आलेल्या सचिवांना त्यांनी पत्त्यांत डबल दिलं आणि त्या हट्टापायी स्वतःची बदली ओढवून घेतली. तुमच्यापैकी काहींनी ऐकलीही असेल. ती खोटी आहे. डबल मी म्हटलं होतं. ते कसं झालं ते सांगतोच, पण आधी माणूस नीट कळायला हवा.

कठीण पानं आली की ती डॉक्टरांच्या डोक्यातून आठवडाभर जात नसत. मग गावात मतदान व्हायचं. चहावाला, न्हावी, एसटीचा कंट्रोलर, सगळ्यांना प्रश्न. यातल्या कोणालाही ब्रिज येत नव्हता, त्याची डॉक्टरांना अडचण नव्हती.

"तुह्या हातात इस्पिकची सहा पानं. वरतून चौकटचा एक्का. शेजारचा तीन बदाम बोलला. तू काय बोलशील?"

चहावाला विचार न करता म्हणे, "पास." न्हावी हटकून म्हणे, "डबल." डॉक्टर दोन्ही मतं गंभीरपणे ऐकून घेत. मला म्हणत, "चायवाला सावध माणूस हाय. न्हाव्याच्या हाती वस्तारा असते, तो डबलच म्हणन."

एकदा एका शेतकऱ्याची गाय अडली होती. मी रस्त्याच्या कामावर होतो, म्हणून माझ्याच जीपमधून डॉक्टर गेले. गोठ्यात त्यांचा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत, मालकानं शेपटी धरलेली, गाय हंबरतेय, आणि डॉक्टर मान वळवून मालकाला विचारताहेत, "समज, तुहा भागीदार एक बदाम बोलला. तुह्यापाशी बदामचं एकच पान. काय करशील?"

मालक म्हणाला, "सायेब, पयले वासरू काढा. मंग तुमी म्हणान ते बोलतो."

वासरू निघालं. गाय वाचली. मालकानं हात धुवायला पाणी दिलं आणि म्हणाला, "एकच पान असन तं गप बसाव, सायेब." डॉक्टर परतीच्या वाटेवर खूश होते. "पाह्यलं भाऊ? प्राचार्याले जे चार वर्षांत समजलं नाही ते याले गोठ्यात समजलं."

पण टेबलावर त्यांची एक शिस्त होती. भागीदाराची चूक चारचौघांत काढायची नाही. प्राचार्य शेठना फार बोलायचे. एकदा चुकीच्या बोलीवरून ते शेठना झापायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी पानं खाली ठेवली. "सर, भागीदार हाय तो. आरोपी नाही." माझ्या चुका ते मला सांगत, पण घरी जाताना, सायकल हातात धरून चालत, आणि बाजूनं कोणी जात असेल तर थांबून.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेला भाव, खरेदी केंद्रापुढच्या रांगा. जे व्हायचं ते होत होतं, आणि ते का होतं याचा अभ्यास करायला समित्या येत होत्या. समिती आली की विश्रामगृहाला रंग. एका समितीला पांढरा फिका वाटला म्हणून पिवळा दिला, पुढचीला पिवळा भडक वाटला. गादी, मच्छरदाणी, कोणाला तिखट चालतं, कोणाला नाही, ही माझी शेतीविषयक कामगिरी. समितीची गाडी गेली की आम्ही त्यांनी उरवलेली बिस्किटं खात ब्रिज खेळायचो.

अशात डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला. सिरोंचा. गडचिरोलीच्या पार टोकाला. वहिनी राळेगावच्याच ग्रामीण रुग्णालयात परिचारिका, त्यांची बदली होण्यासारखी नव्हती. नोकरीची उरलेली वर्षं दोघांनी दोन टोकांना काढायची, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांनी अर्ज केले. उत्तर आलं नाही.

त्याच आठवड्यात एका समितीबरोबर मुंबईचे सचिव आले. शेतं पाहून दुपारी परतले आणि त्यांच्या गाडीचं काहीतरी बिघडलं. मेकॅनिक यवतमाळहून येणार होता. सचिव व्हरांड्यात येरझारा घालत मला म्हणाले, "इथे ब्रिज खेळणारं कोणी आहे का हो?"

मी डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात नेलं. "चालून आलंय. साहेबांना जिंकू द्या. चहाच्या वेळी मी तुमच्या बदलीचा विषय काढतो. यांच्या एका शब्दाचं काम आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. खानसामा पुऱ्या लाटत होता, तोही थांबला.

"खोटी बोली माह्याच्यानं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण चुप बसतो. काहीही येऊ द्या, पास म्हणतो. पास म्हणणं काही खोटं नाही."

"मीही पास म्हणतो," मी म्हणालो. हे मी म्हणालो होतो.

साहेबांचा भागीदार त्यांचा स्वीय सहायक. त्याचा खेळ मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला आणि तसा पुन्हा पाहिला नाही. तो स्वतःची पानं बघायचाच नाही, साहेबांचा चेहरा बघायचा. साहेब दोन म्हणाले की हा तीन. साहेब चार म्हणाले की हा पाच. आयुष्यभर साहेबांच्या शेऱ्याखाली "सहमत" लिहून लिहून त्याला तेवढीच बोली येत होती. तरी आम्ही दोघं गप्प असल्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. डॉक्टरांना त्या दुपारी इतकी सुंदर पानं येत होती की पाहवत नव्हतं. ते चष्मा काढत, पंख्याकडे पाहत, कपाळावर घाम यायचा, आणि मग हळूच म्हणत, "पास."

"डॉक्टर, तुम्ही फार सावध," साहेब खुशीत म्हणाले.

"जी," डॉक्टर म्हणाले.

चहा येतच होता. शेवटचा डाव म्हणून साहेबांनी पानं वाटली. साहेब एक बदाम बोलले. सहायक तीन बदाम. साहेब चार बदाम. सहायकानं साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहिलं आणि म्हणाला, "सहा बदाम." डॉक्टर पास. साहेब पास. आता माझी पाळी.

माझ्या हातात बदामचा राजा, राणी, दहा आणि एक लहान. वर किल्वरचा एक्का. सहा बदाम म्हणजे तेरातले बारा हात करायचे, ते होणारच नव्हते. मी पास म्हणालो असतो तरी साहेब बुडाले असते, गुपचूप, आपोआप, आणि हसून चहाला बसले असते. ही पानं काही कठीण नव्हती. पण वर्षभर मी या लोकांच्या मच्छरदाण्या बांधत होतो. भिंती पांढऱ्या केल्या, पिवळ्या केल्या. आणि आज एकदा ते माझ्यासमोर होणार नाही असं काही बोलले होते, तेही टेबलावर, मोठ्यानं.

"डबल," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"रीडबल," साहेब म्हणाले. म्हणजे डबलचंही डबल.

मी पान टाकलं. नियमाप्रमाणे सहायकानं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. त्यात बदामचं एकच पान होतं. साहेब त्या पानाकडे पाहत राहिले, मग सहायकाकडे. सहायक म्हणाला, "मला वाटलं सर, आपलं ठरलं असेल." साहेबांचा डाव तीन हातांनी बुडाला. चहा आला. मी बदलीचा विषय काढायला तोंड उघडलं आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना?" तेवढ्यात मेकॅनिकनं गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि प्राचार्य ऐकायला आले. मी सांगितलं, साहेब सहा बदाम बोलले, डबल झालं, साहेब बुडाले.

"डबल दिलं?" प्राचार्य म्हणाले. "या डॉक्टरचं काय करावं. समोर कोण बसलंय ते तरी पाहायचं."

मी कपातली साखर ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती. अशा साहेबांशी माझं रोजचं काम, माझा गोपनीय अहवाल लिहिणारे त्यांच्याच हाताखालचे, असे काही विचार त्या वेळी मनात होते. आता ते सांगण्यात अर्थ नाही. प्राचार्यांनी ती गोष्ट गावभर केली.

डॉक्टरांना ती चहावाल्याकडून कळली. "सायेब, मी तं पासच म्हणलो असतो," तो म्हणाला. त्या संध्याकाळी सायकल हातात धरून डॉक्टर माझ्याबरोबर चालत होते. बाजूनं बैलगाडी गेली, ती जाईपर्यंत थांबले.

"भाऊ, बदलीचं जाऊ द्या. पण डबल काहून म्हणले? सहायकापाशी पाच इस्पिक होते. साहेबापाशी चार. तुमी डबल म्हणून त्याईले सावध केलं. ते बदाम सोडून सहा इस्पिकवर पळाले असते तं झाले असते ना सहा. पळाले नाही, हे आपलं नशीब."

"मी सगळ्यांना सांगतो खरं काय ते."

"ते तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले, आणि सायकलवर बसले.

म्हणजे बघा, ज्या डबलसाठी गाव त्यांना हसत होतं, ते त्यांच्या मते मुळातच चुकीचं डबल होतं. बैलाच्या चांगल्या पायाला प्लास्टर घातलं असं त्यांच्याबद्दल सांगितलं असतं तर त्यांना तेवढंच लागलं असतं.

डॉक्टर सिरोंचाला गेले. तिथे ब्रिज कोणाला येत नव्हता. रविवारी एसटीडी बूथवरून फोन यायचा. खुशाली नाही, काही नाही, एकदम पानं. "राजासंगं पाच चौकट, इस्पिक एकही नाही. काय बोलता?" मी विचार करायला लागलो की ओरडत, "लवकर बोला भाऊ, मीटर पळून राह्यलं." ज्या माणसानं आमचे चहाचे पिंप गार केले, तो आता मला श्वास घेऊ देत नव्हता. दर रविवारी मी ठरवायचो, आज विचारेन, मी सांगू का लोकांना. दर रविवारी इस्पिक-बदाम बोलून फोन संपायचा.

निवृत्त होऊन ते परत आले तेव्हा शेठ जिनिंग विकून नागपूरला गेलेले. यवतमाळच्या क्लबात आम्ही दोघं स्पर्धा पाहायला गेलो, तर कोणीतरी त्यांची ओळख करून दिली, "हेच ते, सचिवाला डबल देणारे." लोकांनी उठून हात मिळवले. डॉक्टरांनी सगळ्यांशी हात मिळवले. मी शेजारी उभा होतो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. प्राचार्यांनी डबलची गोष्ट फार रंगवून सांगितली, सभागृह हसलं, हसत हसत लोकांनी डोळे पुसले. माझी पाळी आली. मी उठलो आणि अडलेल्या गायीची गोष्ट सांगून खाली बसलो.

नंतर वहिनींना भेटलो. मी बोलायला सुरुवात केली, तर त्याच म्हणाल्या, "डबल तुमी म्हणले होते, ते मले त्याच दिवशी सांगतलं होतं त्याईनं."

"मग तुम्ही कधी बोलल्या नाहीत."

"मी म्हणत होती, सांगून देते लोकाईले. तं म्हणे, नाही, भागीदार हाय तो. सांगन तोच." त्यांनी पदर सारखा केला. "मी वाट पाहून राह्यली होती, आज तरी तुमी सांगसान."

दुसऱ्याच दिवशी मी प्राचार्यांकडे गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं की ते डबल माझं होतं. प्राचार्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही?"

"मी."

"सचिवाला? बांधकाम खात्यात असताना?" ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "बसा हो. मेलेल्या मित्रासाठी माणूस काय काय अंगावर घेतो. पण एवढी हिंमत तुमच्यात कुठली? डबल त्याचंच होतं."

मी तीनदा सांगून पाहिलं, शपथही घेतली. ते मला समजावत राहिले. तेव्हा ठरवलं की लिहून काढावं.

प्राचार्य आणि मी अजून संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसतो. दोघंच उरलो म्हणून रमी खेळतो. रमीत काही बोलावं लागत नाही.