नंबरकाकांचे सात चष्मे

गल्लीत सगळे त्यांना नंबरकाका म्हणत. डोकं दुखतंय? नंबर वाढला असेल. चक्कर येते? नंबर. झोप लागत नाही? या, बसा, नंबर बघू. शेजारचा चावीवाला तर म्हणायचा, "काकांकडे पोट धरून गेलात तरी चष्मा घालूनच बाहेर पडाल." त्यावर काका स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. आणि खरं सांगायचं तर दहांतल्या सहांची डोकेदुखी त्यांच्या चष्म्यानं थांबायचीसुद्धा. तिथंच तर घोटाळा झाला. ज्याचं म्हणणं दहांत सहा वेळा खरं ठरतं, तो उरलेल्या चौघांचं ऐकेल कशाला?

खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि कोपऱ्यात भिंगाच्या कडा घासायचं यंत्र. ते सुरू झालं की वरच्या खोलीत मांडणीतली भांडी बारीक थरथरत. त्याच खोलीत काकांची बायको महिन्यातून चार-पाचदा अंधार करून पडायची, डोक्याला फडकं आवळून, उशाशी बादली घेऊन. उलटी झाली की जरा डोळा लागायचा.

काका काही दगडाच्या काळजाचे नव्हते हो! जीव होता त्यांचा तिच्यावर. म्हणून तर बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला एक नाही, दोन नाही, सात चष्मे करून दिले. प्रत्येक भिंग स्वतःच्या हातानं घासलेलं. एकदा ती म्हणाली, "अहो, दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकडंतिकडं काहीतरी चमकतं. अर्धं अक्षर दिसतच नाही." काकांनी मांडीवर थाप मारली. "बघ! मी काय म्हणत होतो? डोळेच!" आणि चौथा चष्मा आला. नवा चष्मा तिच्या नाकावर बसवून ते विचारायचे, "आता बरं वाटतंय ना?"

"वाटतंय की," ती म्हणायची.

दुखणं परत आलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "चष्मा नीट लावत नाहीस, मग दुखणारच." भाचीच्या लग्नात ती भर समारंभातून उठून मागच्या खोलीत जाऊन पडली, तेव्हा चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "हिची नाटकं काही नवीन नाहीत." म्हणाले आणि विसरून गेले. बोलणारा विसरतोच.

तीन वर्षांपूर्वी ती न्यूमोनियानं आठ दिवसांत गेली. डोकेदुखीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आणि गेल्या वर्षी लेकीचं डोकं दुखायला लागलं. बावीस वर्षांची पोर, लहान मुलांच्या शाळेत शिकवते. अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सोसवायचा नाही, मुलांचा गलबला तर नाहीच नाही. काकांनी काय केलं असेल? दोन चष्मे! मग शाळेच्या मुख्य बाईंनी बजावलं, आणखी एकदा न सांगता रजा घेतलीस तर येऊच नकोस. त्या संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, आता चष्मा नको. डॉक्टरकडे चला."

"मग एवढी वर्षं मी काय माशा मारतोय?" काका तडकले. पण गेले.

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. कधी दुखतं, कुठे, किती तास, आधी काय होतं, पाळीच्या दिवसांत वाढतं का, सगळं विचारलं. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, रक्तदाब घेतला, चालायला लावलं. मग म्हणाल्या, "हे मायग्रेन आहे. चष्म्यानं जायचं नाही. घरात कुणाला होतं? पुष्कळदा आईकडून येतं."

"छे, कुणालाच नाही," काका म्हणाले.

"आईला?"

"तिला नंबर होता."

लेकीनं वळून बापाकडे पाहिलं. डॉक्टरबाईंना काय समजायचं ते समजलं. त्यांनी हळूच विचारलं, "अंधारात पडून राहायच्या?"

"हो."

"उलट्या? डोळ्यांपुढे काही चमकायचं?"

"हो," काका म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "यावर औषध असतं?"

"असतं ना. सुरुवात होताच घ्यायची गोळी वेगळी, वरचेवर होत असेल तर रोज घ्यायची वेगळी. वहीत तारीख-वेळ लिहायची. झोप आणि जेवण चुकवायचं नाही. साध्या दुखण्यावरच्या गोळ्या मात्र उठसूट नकोत, त्यांनी उलट वाढतं."

"हे आता नवीन निघालंय?" काकांनी फार आशेनं विचारलं.

"नाही हो. बरीच वर्षं झाली."

घरी आल्यावर काकांनी कपाटातून बायकोचे सात चष्मे काढले. धंद्यातला माणूस तो, चष्मा हातात घेतल्याबरोबर किती वापरलाय ते ओळखणार. पहिल्याची नाकावर टेकणारी गादी घामानं हिरवट झालेली, काड्या सैल. बाकी सहांच्या गाद्या स्वच्छ. काड्या दुकानातून निघाल्या तशा कडक.

लेक दारात उभी होती. "तुम्ही जिना चढायला लागलात की आई लावायची, बाबा. म्हणायची, एवढा जीव ओतून केलाय त्यांनी, त्यांना सांगू नकोस."

काका लहान मुलासारखे रडले. अख्ख्या गल्लीला दिसायला लावलं आणि घरात दिव्याखाली अंधार, असं स्वतःच म्हणाले. पण जिनं ऐकायचं ती गेली होती.

गोळ्यांनी लेकीचं दुखणं कमी झालं, अगदी थांबलं नाही. महिनाभरानं भर दुपारी ती जिन्यावर कठडा धरून उभी दिसली. काकांनी गोळी दिली, पडदे ओढले, तिला निजवलं. खाली गिऱ्हाईक खोळंबलं होतं, यंत्र सुरूच राहिलं होतं. सवयीनं तोंडून निघून गेलं, "आता बरं वाटतंय ना?"

"वाटतंय की."

तोच आवाज. काका उठता उठता परत खाली बसले.

"बाळ, खरं सांग."

ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "नाही, बाबा. खूप दुखतंय. आणि खालचं ते यंत्र डोक्यात घुसतंय."

मांडणीवरची भांडी थरथरत होती. काका अनवाणीच खाली गेले, गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणाले आणि यंत्राचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत वर कुणाचं डोकं दुखतंय म्हणून ते पहिल्यांदाच बंद झालं.