रूळ घासणारा

घाटंजीच्या एसटीत माझ्या शेजारी बसलेला माणूस पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरच्याला हाक मारावी तसा बोलत होता. शहरात मेट्रोचे रूळ मशीननं घासून गुळगुळीत करायचं काम त्यानं केलं होतं. रूळ खडबडीत झाले की चाकं वाजतात आणि लाइनीलगतच्या फ्लॅटवाल्यांची नाजूक झोप मोडते. बोलताना तो सारखी कानात करंगळी हलवायचा.

"मशीन एवढी वाजते, तर कानाला लावायला काही देत नव्हते का?" मी विचारलं.

माझ्या ओठांकडे पाहत तो म्हणाला, "साहेब आले का देत होते, गेले का वापस घेत होते."

मागून कोणीतरी खेकसलं, "ओ काका, हळू बोला ना, डोक्सं दुखून राह्यलं."

सगळी एसटी हसली. लोक हसताना दिसले, म्हणून तोही हसला.