साली खाणारं मशीन आणि माझी दहा बोटं

लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले आणि आठवड्याभरात माझ्या ध्यानात आलं, की या घरात माझी बोटं माझी राहिलेली नाहीत. ती सासूबाईंनी ताब्यात घेतली होती. दहाच्या दहा, अंगठ्यांसकट.

कारण असं, की लग्नाआधी मी टायपिंगच्या क्लासला जात होते आणि सरकारी टायपिस्टच्या जागेसाठी अमरावतीच्या कचेरीत माझा अर्ज गेलेला होता. परीक्षा दिवाळीनंतर व्हायची होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचं सगळं तरुणपण जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगाऱ्यापाशी गेलं होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत आल्या त्या एक हट्ट घेऊनच, की आपल्या घरातली बाई खुर्चीवर बसून पगार घेईल. पोटची मुलगी नव्हती. मुलगा, म्हणजे माझा नवरा, धारणीला मास्तर होता आणि महिन्यातून एकदा एसटीची धूळ अंगावर घेऊन घरी यायचा. तेव्हा हट्टाची सगळी गाडी माझ्यापाशी येऊन थांबली.

मला विळी बंद झाली. पाटा-वरवंटा बंद. भाकरी थापणं बंद, कारण तव्याचा चटका. मिरचीचे देठ तोडायचे नाहीत, कारण बोटं झोंबतात. "तू फकस्त तुही ठकठक कर," त्या म्हणायच्या. घरात टाइपरायटर कुठून येणार? मी एका पुठ्ठ्यावर अक्षरांचे चौकोन आखले होते आणि त्यावर तासन् तास बोटं आपटत बसायची. नवी सून दिवसभर पुठ्ठा बडवते, अशी वस्तीभर माझी कीर्ती झाली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर सासरी येऊन भाकरी न थापता बसायला मिळतंय, या आनंदात मी तरंगत होते.

घरचं सगळं काम मात्र आत्याबाईंवर पडलं. स्वयंपाक त्यांचा, भांडी त्यांची, आणि साली-देठांनी भरलेली बादली वस्तीबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन टाकणंही त्यांचंच. सासरे हे सगळं बघत होते. त्यांना मी मामाजी म्हणायची; ते जिनात फिटर होते. चालणारी वस्तू एकदा उघडून पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

एकदा दुकानातून साबण आला तो इंग्रजी मासिकाच्या पानात गुंडाळून. पानावर चित्र होतं. एक गोरी बाई हसत हसत भांडी धुण्याच्या जागेतल्या भोकात बटाट्याच्या साली लोटत होती. मी खालचा मजकूर वाचून सांगितला, की भोकाखाली मशीन आहे आणि ते साली खातं. मामाजींनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. साबण तिकडे मोरीत भिजून विरघळला.

"सालटे खाते म्हन्ते?"

"हो, मामाजी."

"मंग आपल्याले काय धाड भरली?"

पंधरा दिवसांत मशीन उभं राहिलं. मोरीशेजारी सिमेंटचा ओटा, ओट्याला भोक, भोकात पत्र्याचं नरसाळं, त्याखाली एक पिंप. पिंपात मामाजींनी स्वतः घासून धार लावलेली पाती आणि जुन्या बाजारातून आणलेली मोटर. खाली घमेलं. साली वरून टाकायच्या, चुरा खाली पडायचा, आणि तो आमच्या बकरीला. गोऱ्या बाईच्या मशीनमध्ये बकरीची सोय नव्हती. तेवढ्यापुरतं आमचं मशीन पुढे होतं, असं मामाजींचं मत होतं.

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि घर्रर्र करून वांग्याची देठं छताला जाऊन चिकटली. मामाजींच्या मिशीत भोपळ्याच्या बिया अडकल्या. मी पोट धरून हसले. मग फुलकोबीचा एक दांडा नरसाळ्यात अडकला आणि तो आत लोटावा म्हणून मी हात पुढे केला. हात तिथवर पोचलाच नाही. आत्याबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं, की बांगडी पिचली.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या. मोटर थांबली. "जिनात म्या बाईचं बोट जातानी पायलं हाय. एक नाही, दोघीचं. हे मशीन पोरीच्या बोटासाठी बिनधोक करा, नाही तं कबाड्याले द्या."

"ते हातच काहून घालते आत?" मामाजींनी विचारलं.

"बाईमानूस हाय. अडकलं तं हात घालनच. तुमी मशीन असं करा का हात घातला तरी काई होऊ नये."

मामाजींनी आव्हान स्वीकारलं. त्यांनी नरसाळं लांब केलं, इतकं की ओट्यावर भोंगा उभा केल्यासारखं दिसू लागलं. आता हात पात्यांपर्यंत पोचणारच नाही, असं ते छाती काढून म्हणाले.

"दाखवा," आत्याबाई म्हणाल्या.

"कशावर दाखवू? माह्या हातावर?"

आत्याबाईंनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, गरम पाणी घातलं आणि मला म्हणाल्या, "हात ठेव इथं." माझा हात समोर ठेवून, बघून बघून त्यांनी पिठाचा हात घडवला. पाची बोटं, पेरं, तळव्यावरच्या रेषासुद्धा. नखांच्या जागी तुरीची डाळ लावली. मग माझ्या हाताच्या लांबीची काठी घेऊन तिच्या टोकावर तो हात बसवला. इतका हुबेहूब होता, की मला माझ्याच खांद्यात काहीतरी कमी असल्यासारखं वाटायला लागलं.

मोटर सुरू झाली. आत्याबाईंनी काठी नरसाळ्यात सोडली. घर्रर्र! हात गेला.

"माय व! पोरीचा हात गेला!" आत्याबाई अशा ओरडल्या, की शेजारची बाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. मी दोन्ही हात वर करून तिला दाखवले. तेवढ्यात तिची नजर बकरीकडे गेली. बकरी तोंडाच्या कडेनं, नख असलेलं एक बोट सावकाश चघळत होती. शेजारीण आल्या पावली परत गेली आणि पुढं कित्येक दिवस आमच्याकडे विरजण मागायला आली नाही.

यानंतरचा उपाय आत्याबाईंचा. बटण उचलून बाहेरच्या खोलीत न्यायचं. मामाजींनी बटणापाशी बसायचं. स्वयंपाकघरातल्या बाईनं साली टाकायच्या, मागं सरायचं आणि टाळी वाजवायची. टाळी ऐकू आली म्हणजे दोन्ही हात बाहेर आहेत. मग मामाजींनी बटण दाबायचं. एका हातानं टाळी वाजत नाही, हे तर शेंबडं पोरही जाणतं.

ही युक्ती मला फारच आवडली. महिनाभर आमचं घर तमाशाच्या थिएटरासारखं झालं. टाळी, घर्रर्र, टाळी, घर्रर्र. मला मशीनपाशी जायला बंदीच होती, पण मी पुठ्ठा बडवता बडवता दाराआडून बघायची आणि हसू दाबता दाबता माझी अक्षरं चुकायची. नवरा धारणीहून आला तेव्हा त्यानं सहज कशावर तरी खूश होऊन टाळी वाजवली आणि मशीन सुरू झालं. तो दचकून अंगणात पळाला.

दसरा जवळ आला. दीक्षेच्या दिवसाच्या कार्यक्रमासाठी पलीकडच्या घरात गाण्यांची तालीम सुरू झाली. गाणी कव्वालीच्या ढंगाची. म्हणजे पेटी कमी, टाळ्या जास्त. आत्याबाई त्या संध्याकाळी नरसाळ्यावर ओणव्या होऊन अडकलेलं मक्याचं कणीस लाटण्यानं खाली ढकलत होत्या. पलीकडं गाणाऱ्यांनी तान घेतली, आणि टाळ्या पडल्या.

मामाजींनी बटण दाबलं.

कडाड् असा आवाज झाला, मग नुसती खरखर, मग शांतता. मी धावत स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई उभ्या होत्या. हात धड होते. एका हातात अर्धं लाटणं होतं. त्या तशाच बाहेरच्या खोलीत गेल्या.

"तूच तं टाळी देल्ली!" मामाजी भिंतीला पाठ लावून म्हणाले.

"माह्या एका हातात लाटनं होतं! टाळी काय दुसऱ्या हातानं कपाळावर वाजवू?"

पलीकडं टाळ्या चालूच होत्या. त्या वेळी मामाजींना उमगलं. ते आधी पांढरे पडले, मग मला हसू फुटलं, मग आत्याबाईंना, आणि आम्ही दोघी अर्धं लाटणं मध्ये ठेवून लोळलो. मामाजी मात्र हसले नाहीत. जेवलेही नाहीत. बटण त्यांच्या बोटाखाली होतं, हे त्यांच्या मनातून जाईना.

दोन दिवस मशीन बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीतला दिवा उडाला. मामाजींनी खुर्चीवर चढून नवा बल्ब होल्डरात दाबला, फिरवला, आणि तो लागला. ते खुर्चीवरच उभे राहिले. "फिरवला तंच लागते," ते पुटपुटले. "नाही तं नाही." खाली उतरले ते थेट जिनाच्या वाटेला.

त्यांनी बटण परत ओट्यापाशी आणलं, नरसाळं पुन्हा आखूड केलं आणि त्याच्या तोंडाला एक जाडजूड झाकण बसवलं. साली टाकायच्या, झाकण लावायचं, बल्बासारखं दाबून फिरवायचं. फिरवलं, की आतल्या तारा जुळणार आणि मोटर चालणार. झाकण निघालं, की मोटर बंद. हात आत असला तर झाकण बसणारच नाही. बाहेर कितीही टाळ्या वाजोत.

पिठाचा हात पुन्हा घडला. आत गेला, मामाजींनी बटण दाबलं, काही झालं नाही. हात जसाच्या तसा बाहेर आला. मी आनंदानं उडी मारली. आत्याबाईंनी तो हात ताटात ठेवला, पदर खोचला, आणि स्वतःचा हात नरसाळ्यात कोपरापर्यंत घातला.

"दाबा," त्या म्हणाल्या.

"येडी झाली काय व?"

"पीठ खोटं बोलू शकते. दाबा."

"अन् तुहा हात गेला तं?"

"माहा हात गेला तं भाकरी पोरगी थापन. पोरीचा हात गेला तं नोकरी मी करू काय?"

मामाजींच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. काही झालं नाही. कुठंच काही आवाज झाला नाही. आत्याबाईंनी हात बाहेर काढला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "हाय बिनधोक." मग तो पिठाचा हात मोडून त्यांनी त्याच्या भाकरी थापल्या. तुरीची डाळ दाताखाली येत होती.

परीक्षेला आम्ही दोघी बडनेरामार्गे गाडीनं गेलो. मूर्तिजापूर स्टेशनावर त्यांनी मला चहाचा गरम कप हातात धरू दिला नाही, बशीत ओतून स्वतःच माझ्या तोंडाला लावला. डब्यातल्या बाया बघत होत्या. एकीनं हळूच विचारलं, "पोरगी लुळी हाय काय?" आत्याबाई म्हणाल्या, "सरकारी हाय."

मी पास झाले. नेमणूक अकोल्यातच झाल्याचं कळलं त्या दिवशी मी घरभर नाचले. मामाजींनी जिनात पेढे वाटले. हातपाय धुऊन मी ओट्यापाशी गेले आणि म्हणाले, "आत्याबाई, आता तरी मला मशीन चालवू द्या!"

"आता?" त्या म्हणाल्या. "आता तं ओट्याच्या जवळबी यायचं नाही. आता त्या बोटावर घर हाय."

मामाजी मटकन खाली बसले. इतके दिवस, इतकं पत्र्याचं, तारांचं, झाकणाचं काम. "अवं, मंग हे बिनधोक म्या कोनासाठी केलं?"

आत्याबाई झाकण फिरवत होत्या. ते त्यांना दोन्ही हातांनी जोर लावून फिरवावं लागत होतं, कारण मामाजींनी ते माझ्या मुठीच्या मापानं केलं होतं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"काहून? मले बोटं नाहीत काय?"

मामाजी उठले, पेचकस आणला आणि म्हणाले, "हात दे इकडं." आत्याबाईंनी हात पुढे केला. त्यांनी त्यांची मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली, आणि झाकणाचा पेच सैल करायला बसले.