न मागितलेली गाडी

मन्मथराव मोटारसायकलवरून उतरले की आधी तिच्याकडे पाठ करून उभे राहत. रुमालाने तोंड पुसत, चपला झटकत, आणि मग घराच्या पायऱ्या चढत. भांडणाऱ्या माणसापासून सुटका झाल्यावर माणूस जसा जरा बाजूला जाऊन उभा राहतो, तसे. नांदूरघाटला आमच्या दारात ती गाडी आली की गल्ली गोळा व्हायची. लांब हँडल, पुढे ताणलेला दांडा, बसकी सीट, मागे जाडजूड चाक. बाजार खुला झाल्यानंतर नव्या नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या, त्यांतली ही. लोक तिला क्रूझर म्हणत. पोरं चाकाला हात लावून बघत. मन्मथराव तेवढे तिच्याकडे बघत नसत.

ते माझे धाकटे जावई. आष्टीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. आईने कपिलधारच्या स्वामींना नवस केला म्हणून त्यांचेच मन्मथ नाव ठेवलेले. अंगाने किरकोळ, उंचीने ठेंगणे. बोलणे इतके हळू की समोरच्याला पुढे वाकावे लागे. मी एकदा म्हणालो, "वर्गात तरी आवाज काढता का नाही?" तर म्हणाले, "मामा, मास्तर वरडला की पोरं मास्तराकडं बघत्यात. फळ्याकडं कोण बघणार?" एखाद्या पोराचे उत्तर चुकले तर ते कधी चुकले म्हणत नसत. म्हणत, "उत्तर बराबर हाय बाळा, पण हे दुसऱ्या प्रश्नाचं हाय." हे वाक्य ते घरीही वापरत. माझी धाकटी, सुरेखा, चिडली की बरोबर हेच ऐकवून तिला हसवत.

त्यांना लग्नात ती गाडी मी दिली. त्यांनी मागितली नव्हती. हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी चार माणसांत बोलायला हवे होते, म्हणून आज आधी तेच लिहितो. त्या दोन वर्षांत आडतीच्या दुकानाला बरकत आली होती आणि ती गावाला दिसावी असे मला वाटत होते. उंच गाडीवर जावयाचे पाय टेकणार नाहीत, म्हणून बीडला जाऊन बसकी सीट बघून ती घेतली. त्यांना विचारलेसुद्धा नाही. मांडवात किल्ली हातात दिली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "कावून मामा? मला पाय हायेत की."

पण मांडवात माझे थोरले जावई गंगाधरराव पण बसले होते. शिरूर कासारचे, खताच्या दुकानाचे मालक. त्यांनी आपल्या लग्नात स्कूटर मागितली होती आणि मी हात जोडून नाही म्हटले होते. किल्ली बघून त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी त्यांनी मला कोपऱ्यात गाठले. "धाकट्याला क्रूझर, आन् आमाला टॉवेल-टोपी? लई चांगलं केलंत." गंगाधरराव रुसले की राग थोरल्या पोरीवर निघायचा. एकदा दोन महिने तिला माहेरी बसवून ठेवले होते. मी घाबरलो आणि तोंडातून निघून गेले, "काय करता, गंगाधरराव? मागणी होती त्यांची. लग्न मोडत होतं."

तेवढ्याने ते शांत झाले. आठ दिवसांत मात्र साऱ्या नातेवाइकांत झाले की मास्तर वरून गरीब दिसतो, पण आतून पक्का आहे, सासऱ्याला पिळून गाडी घेतली. मन्मथरावांच्या कानावर हे गेलेच असणार. ते माझ्याशी त्यावर कधी बोलले नाहीत.

चार वर्षांनी त्यांच्या धाकट्या बहिणीचे जमवायला घेतले. स्थळ शिरूर कासारचे, मध्यस्थ गंगाधरराव. मुलाच्या वडिलांनी सगळे पसंत केले आणि शेवटी म्हणाले, "तुमी घेतली तशीच गाडी आमच्या पोराला द्या." मन्मथराव म्हणाले, मी मागितली नव्हती. मुलाचे वडील म्हणाले, "मंग तुमच्या सासऱ्यांनी येऊन तसं सांगावं. त्यांनी सांगितलं तर आमी बी मागणार न्हाई. शब्द हाय आमचा."

मन्मथराव दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आले. मला गंगाधररावांकडून सगळे आधीच कळले होते. ते ओसरीवर टेकायच्या आत मी म्हणालो, "काही काळजी करू नका. हीच गाडी देऊन टाकू त्यांना. टायर तेवढे नवे टाकले की नव्यासारखी दिसंल."

"गाडीचं न्हाई मामा," ते म्हणाले. "नावाचं बोलायचं हाय."

मी तोवर टोपी घालून उभा राहिलो होतो.

बीडला बसस्टँडजवळ हमीदभाईंचे टायरचे दुकान होते. मी मागे बसलो, मन्मथराव चालवत होते, इतक्या हळू की सायकलवाले पुढे जात होते. हमीदभाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली बसून टायरच्या कडेला अंगठा दाबला. रबराला उन्हाळ्यातल्या जमिनीसारख्या भेगा पडल्या होत्या. पण मधले ठोकळे जसेच्या तसे, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते.

"गुरुजी, गाडी चालवता का नुसती बघता?" हमीदभाई हसले. "हे टायर पळून न्हाई गेलेलं. उभं राहून गेलंय."

मन्मथराव ओशाळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मामा, गाडी मी आमच्या गावाकडं नेतच न्हाई. तुमच्या फाट्यावरच्या हॉटेलामागं उभी असती. मी एस्टीनं फाट्यापोतर येतो. तिथून गाडीवर तुमच्या दारात."

"आन् सुरेखा?"

"ती बी एस्टीनंच. पदर सावरून मागं बसती, फाट्यापासून."

चार वर्षे माझा जावई माझी अब्रू दोन किलोमीटर ओढत आणत होता. मला तेव्हा हे असे दिसले नाही. मी चिडून म्हणालो, "कोणी बघितलं असतं म्हंजे?"

हमीदभाईंनी माल दाखवायला घेतला. पुढच्या चाकाचे सोपे होते, रेघांचा टायर लगेच मिळाला. मागच्या चाकाचे माप त्या काळी दुर्मीळ. एक म्हणजे कंपनीचा टायर, तो पुण्याहून मागवावा लागणार. दुसरा, जुन्यावर नवे रबर चढवलेला. तिसरा परदेशी, जास्तच रुंद, कडेला पांढरी अक्षरे.

"रबर चढवलेला चालंल," मन्मथराव म्हणाले, आणि मग हळूच, "मामा, शिरूरला तुमी एकदा या. एवढंच म्हणा की ह्यांनी मागितली न्हवती."

"हमीदभाई, तो रुंदवाला खाली काढा."

"त्यांनी शब्द दिलाय, मामा. बहिणीचं बिना गाडीचं हुईल. आन् मला बी जरा..."

"त्याच्या शेजारचा कुठला? तो बी काढा."

ते बोलायला लागले की मी टायर मागत होतो. हमीदभाईंच्या दुकानात बसायला जागा उरली नाही, चहू बाजूंनी टायर, आणि मध्ये स्टुलावर मी. शेवटी हमीदभाई वैतागले. "शेटजी, घ्यायचा एक हाय का दुकान रिकामं करायचंय?" मी पांढऱ्या अक्षरांचा घेतला. तो चेनच्या कव्हरला घासत होता. हमीदभाईंनी कव्हर ठोकून आत दाबले. मन्मथराव म्हणाले, "असू द्या." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. मला वाटले, सुटलो.

पण शिरूरच्या बैठकीला मला जावेच लागले, कारण मध्यस्थाचा सासरा मीच. मुलाचे वडील भले गृहस्थ निघाले. अंगणात उभ्या गाडीचा नवा टायर त्यांनी थोपटला आणि बैठकीत येऊन सरळ मलाच विचारले, "शेटजी, तुमच्या तोंडून ऐकायचंय. ह्यांनी मागितली होती का तुमी खुशीनं दिली?"

गंगाधरराव माझ्या अगदी समोर. बैठक त्यांच्याच घरी होती; आतल्या दाराआड माझी थोरली चहाचे कप मांडत होती. कपांचा आवाज थांबल्याचे मला ऐकू आले. मन्मथरावांनी माझ्याकडे पाहिले. मी घशाला हात लावला, खोकलो, पाणी मागितले. पाणी आले, प्यालो.

तेव्हा त्यांचा तो हळू आवाज आला. सगळ्यांना पुढे वाकावे लागले.

"मामांना कावून विचारता? मीच मागितली होती. तवा अक्कल न्हवती. ही गाडी तुमाला घ्या."

मुलाच्या वडिलांच्या नजरेतला मान गेलेला मी पाहिला. गंगाधरराव समाधानाने हसले. बहिणीचे लग्न झाले, गाडी शिरूरला राहिली. परतताना एस्टीत मन्मथरावांनी खिडकीची जागा मला दिली आणि सबंध रस्ता शाळेतल्या पोरांच्या गमती सांगत राहिले.

पुढे ते फाट्यापासून चालतच येत. लोक म्हणत, मास्तराने सासऱ्याची गाडी विकून खाल्ली. तेही मी ऐकून घेतले. तीन वर्षांपूर्वी ते गेले, निवृत्तीला अजून काही वर्षे होती. मागच्या साली गंगाधररावही गेले. आता भ्यायला कोणी उरले नाही, म्हणून लिहितो आहे. यात मोठेपणा काही नाही.

लिहायच्या आधी सुरेखाला बोलावून सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत हाय, अप्पा. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलतं. मी तुमच्याकडं भांडायला निघालते, पिशवी बी भरलती."

"मग आली का नाहीस?"

"त्यांनी येऊ दिलं न्हाई. म्हणले, तुझ्या अप्पांना तू एकटीच पोरगी न्हाईस."