देव पुढं काय म्हणला

"ए मुली, थांब. शमुवेल 'व्हय जी' म्हणतो का? तो काय तुमच्या गल्लीतला आहे?"

पाळकीणबाई, म्हंजे चर्च चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या बायको, असं म्हणल्या आन् सगळे हसले.

मी अकरा वर्षांची होते. मिशनच्या कंपाउंडातल्या चर्चमधे, वेदीच्या पायरीवर उभी. बायबलच्या गोष्टी सांगायची स्पर्धा होती. मी शमुवेलची गोष्ट घेतली होती. शमुवेल म्हंजे देवाच्या मंदिरात राहणारं बारकं पोरगं. रात्री देव त्याला हाक मारतो. पोराला वाटतं, तिथला म्हातारा याजक एली हाक मारतोय. ते उठून एलीकडं पळतं. एली म्हणतो, मी कुठं हाक मारली, जा झोप. तीनदा असं होतं. मग एलीच्या ध्यानात येतं की ही हाक देवाची आहे.

मी नुसती सांगत नव्हते, करून दाखवत होते. पायऱ्या उतरून पळायचे, परत चढून झोपायचे. मागं बसलेली आमच्या गावची पोरं तोंड वासून बघत होती. तिसऱ्यांदा पळत आले आन् म्हणलं, "व्हय जी, आलो की." तिथंच मला थांबवलं.

हसण्याचा आवाज छताला लागून खाली येत होता. मी खाली मान घालून मागं जाऊन बसले. ज्या पोरांनी तोंड वासलं होतं ती बी आता हसत होती, कारण पुढचे हसत होते.

माझ्यामागून ग्रेस उठली. पाळकसाहेबांची आन् पाळकीणबाईंची लेक, माझ्याच वयाची. पांढरा फ्रॉक, पायांत मोजे. तिनं बी शमुवेलचीच गोष्ट सांगितली. हात मागं बांधून, जागची न हलता, पाठ केलेली, छापील मराठीत. बक्षीस तिला मिळालं. चेनच्या कव्हरचं बायबल. परीक्षक तिची आईच होती, हे कुणाला खटकलं न्हाय. मला बी तवा खटकलं न्हाय. मला फक्त ते बायबल पाहिजे होतं. त्या चेनचा उघडझाप करताना होणारा आवाज पाहिजे होता.

कार्यक्रम संपल्यावर पाळकीणबाईंनी मला जवळ बोलावलं. डोक्यावर हात ठेवला.

"तुझा आवाज चांगला आहे गं, पण भाषा शुद्ध नाही. देवाचं वचन अशा भाषेत सांगत नाहीत. तू असं कर, दर रविवारी ग्रेसच्या बाजूला उभी राहा आणि चित्रं लाव. आज्ञा पाळणारं मूल देवाला सगळ्यात जास्त आवडतं."

आईला घरी येऊन सांगितलं तर ती हरखली. माझ्या लेकीला देवाचं काम मिळालं, असं तिनं चार घरांत सांगून टाकलं.

आमचं गाव सास्तूरजवळ. भूकंपानंतर नवीन वसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. सगळं नवीन आखलं तरी आमची गल्ली गावाच्या कडेलाच आखली. आजोबानं भूकंपाच्या लई आधी देव बदलला होता. का, तर या देवाच्या घरात सगळे एकाच सतरंजीवर बसतात असं त्यानं ऐकलं होतं. बसतात बी. पण सतरंजीचं पुढचं टोक कंपाउंडवाल्यांचं. तीन पिढ्या मिशनच्या नोकरीतले लोक, मास्तर, नर्स, पाळक. त्यांचे पणजोबा बी आमच्यासारख्याच गल्लीतून आलेले, पण ते काढलेलं त्यांना चालत न्हाय. आमी गाववाले मागं, चपलांजवळ.

चित्रांचं काम असं असायचं. लाकडी चौकटीवर निळं फलालीनचं कापड ताणलेलं, हाच आमचा फळा. कागदाच्या चित्रांना मागून तसंच कापड लावलेलं, म्हंजे चित्र नुसतं दाबलं की चिकटतं. ग्रेस म्हणायची, "मग नोहाने तारू बांधले," की मी तारू लावायचं. ती म्हणायची, "अब्राहाम मुलाला घेऊन डोंगरावर गेला," की मी डोंगर, मग अब्राहाम, मग पोरगं. एक शब्द बोलायचा न्हाय. चित्र आधी लागलं तर पाळकीणबाई डोळे वटारायच्या, उशिरा लागलं तरी वटारायच्या. आन् गोष्ट कुठलीही असू दे, नोहाची, अब्राहामाची, माशाच्या पोटातल्या योनाची, शेवट एकच. आज्ञा पाळा. नोहानं पाळली, वाचला. योनानं पाळली न्हाय, माशानं गिळला. हे म्हणताना त्या आमच्या पोरांकडं बघायच्या. कंपाउंडातल्या पोरांकडं बघायच्या न्हाईत.

मी पाळली. अठरा वर्षं पाळली.

पण मनातलं सांगते. मला ग्रेसचा हेवा वाटायचा. साधासुधा न्हाय, पोटात दुखायचं. तिच्या मोज्यांचा हेवा. तिच्या वेणीच्या रिबिनीचा. तिचा बाप तिला चारचौघांत "बेटा" म्हणायचा, त्याचा. माझ्या बापानं मला हाक मारली तर कामालाच. सगळ्यात जास्त तिच्या जिभेचा. तिच्या तोंडून "येथे", "तेथे", "म्हणाला" असं सहज पडायचं. मी घरी आरशापुढं उभी राहून "म्हणाला, म्हणाला" करायचे. आई विचारायची, कुणाशी बोलायलीस. लिहिताना आज मी "मी" लिहिते, बोलताना म्या म्हणते. शाळेनं तेवढं केलं, बाकी जीभ आईचीच राहिली.

आन् गोष्ट तिला सांगताच यायची न्हाय. हे मला तिच्या शेजारी उभं राहून कळायचं. पोरं जांभया द्यायची. तिचं ध्यान घड्याळाकडं असायचं. मला वाटायचं, एकदा दे. एकदाच मला दे, मग बघ.

मी प्रार्थनेत मागितलंय, देवा, हिचा आवाज बसू दे. एका थंडीत खरंच बसला. गळ्याला मफलर गुंडाळून आली, तोंडातून शब्द फुटंना. म्हणलं, आज मलाच सांगायला लावतील. हातात योसेफाची चित्रं होती, रंगीत अंगरख्याची. पाळकीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग पोरांकडं. "आज गोष्ट नाही. आज नुसती गीतं गाऊ या." मी चित्रं घेऊन तशीच उभी राहिले. टाळ्या वाजवायला बी हात मोकळे नव्हते.

त्या दिवशी मी स्वतःला लई शिव्या घातल्या. कारण हेवा म्हंजे पाप असं शिकलेलं. भावाचा हेवा करून काइनानं त्याला मारलं, योसेफाला भावांनी विकलं. मला वाटायचं, मी काइनाच्या जातीची. मला कुणी हे कधी विचारलं न्हाय की पोरी, तुला हेवा कशाचा वाटतो.

बारावी झाले. बाप वारला. आई सोयाबीन काढायला जायची, मी घरी ब्लाउज शिवायला लागले. पोरांची रविवारची शाळा आता आमच्या गल्लीत भरायची, आन् ग्रेसला आता ताई म्हणायचं. तिला घेऊन मिशनची जीप येईपर्यंत गल्लीतली पोरं माझ्या दारात बसायची. त्यांना आवरायचं म्हणून मी गोष्टी सांगायचे, माझ्या भाषेत. पोरं एवढी गुंग व्हायची की जीपचा हॉर्न वाजला तरी उठायची न्हाईत. "आक्का, आजून एक." मग जीप यायची, पोरं हाताची घडी घालून बसायची आन् मी तोंड बंद करून फळ्याजवळ.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या बायबलबाई थकल्या. बायबलबाई म्हंजे घरोघर वचन सांगणारी, पोरांच्या रविवारच्या शाळेचा कारभार बघणारी बाई. जागा मोकळी झाली. आमच्या गल्लीला वाटलं, आता हीच. आईनं तर माझ्यासाठी बायबलबाई नेसते तशी पांढरी साडी बघून ठेवली. मी चर्चच्या कमिटीला अर्ज दिला. चारदा लिहिला, शुद्ध व्हावा म्हणून.

कमिटीनं ग्रेसताईला नेमलं. राहते तालुक्याला, नवरा तिकडं शाळेत, गावात पाय ठेवते आठवड्यातून दोन तास. निकाल वाचून झाल्यावर पाळकीणबाई माझ्याकडं बघून गोड हसल्या. "तू आहेसच की चित्रं लावायला. हन्नेनं तर पोटचं पोर देवाला दिलं. तुला एवढी आज्ञा पाळता येत नाही?"

हन्ना म्हंजे शमुवेलची आई. मी घरी आले, मशीनपुढं बसले, सुई चालंना. डोळ्यांपुढं ग्रेसताईचं नेमणुकीचं पत्र. जिवाचा नुसता जळफळाट. म्हणलं बघू तरी, असं काय केलं त्या हन्नेनं. आईचं जुनं बायबल काढलं आन् वाचायला लागले. हन्नेपासून सुरू केलं, शमुवेलपर्यंत आले, हाक आली, पोरगं पळालं. शेवटी ते म्हणतं, बोल देवा, मी ऐकतोय.

आमच्याकडं गोष्ट इथं संपते. अठरा वर्षं इथंच संपली. मी शेवटचं चित्र लावायचे, गुडघ्यावर बसलेलं पोरगं, आन् ग्रेसताई म्हणायची, "तर मुलांनो, आपणही शमुवेलसारखे आज्ञाधारक होऊ या."

पण पुस्तकात गोष्ट संपत न्हाय. देव पुढं बोलतो. आन् काय बोलतो? त्या एलीच्याच घरावर बोलतो. एलीची दोन पोरं याजक होती. लोक अर्पणाचं मटण शिजवायचे, तर यांचा गडी काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आन् वर येईल तेवढं घेऊन जायचा. कुणी थांब म्हणलं तर हिसकून न्यायचा. एलीला सगळं ठाऊक होतं, त्यानं पोरांना आवरलं न्हाय. देव त्या बारक्या पोराला म्हणतो, या घराला मी आता सोडत न्हाय. आन् सकाळी ते पोरगं, भीत भीत का होईना, म्हाताऱ्याच्या तोंडावर सगळं सांगतं. काही लपवत न्हाय.

मी तीनदा वाचलं. मला नाताळची पंगत आठवली. बोकड आमच्या गल्लीतून जातो. चिरायला, शिजवायला आमच्या बाया. पहिल्या पंगतीला कंपाउंडवाले बसतात. आमच्यापर्यंत येतो तो रस्सा, आन् नळ्या चोखून फेकलेल्या दिसतात.

शमुवेलला हाक देवाची होती आन् तो चुकून म्हाताऱ्याकडं पळाला. माझं उलटं झालं. हाका सगळ्या पाळकीणबाईंच्या होत्या आन् मी देवाच्या समजून पळाले.

पुढच्या रविवारी आमच्या गल्लीत बायबलबाई म्हणून ग्रेसताईची पहिली शाळा होती. पाळकसाहेब, पाळकीणबाई, कमिटीतले दोघं खुर्च्या टाकून बसले. गोष्ट तीच घेतली, शमुवेलची. तिला तीच पाठ आहे. मी चित्रं लावली. मंदिर लावलं, एली लावला. शेवटचं गुडघ्यावरचं पोरगं माझ्या हातात होतं. ग्रेसताई म्हणली, "शमुवेल म्हणाला, बोल प्रभू."

आमच्या शेजारची सहा-सात वर्षांची पोर उठली. "मग देव काय म्हणला?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ग्रेसताई गडबडली. आईकडं बघितलं. मग म्हणली, "देव म्हणाला, बाळा, मोठ्यांची आज्ञा पाळ."

मी चित्र लावलं न्हाय. खाली ठेवलं.

"असं म्हणला न्हाय," मी म्हणलं.

माझ्याच आवाजानं मी दचकले. पाळकीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी पोरांकडं तोंड केलं आन् सांगायला लागले. काटा सांगितला, भांडं सांगितलं, मटण सांगितलं. एलीच्या घराला देव काय म्हणला ते सांगितलं. सकाळी शमुवेलनं दार उघडलं आन् म्हाताऱ्याला म्हणला, बाबा, तुमचं चुकलं, असं माझ्या शब्दांत सांगितलं. पोरं हलली न्हाईत. मागं उभ्या बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, त्यांना मटण कळलं.

पाळकीणबाई म्हणल्या, "हेवा बोलतोय हा. इतकी वर्षं हिला ग्रेसचा हेवा आहे."

"व्हय, हाय हेवा," मी म्हणलं. "ती जागा माझी हाय म्हणून हाय."

पाळकसाहेब उठले, सगळे उठले. जीप गेली. फळा तिथंच राहिला.

सोमवारी कमिटीतले एकजण घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला. म्हणले, पाळकीणबाईंची माफी माग, चर्चमधे सगळ्यांसमोर. मग ये परत चित्रं लावायला. न्हायतर तुमच्या घरचं लग्न आन् माती पाळक करणार न्हाईत. मी म्हणलं, या रविवारी माझ्या दारात दावीदाची गोष्ट आहे. धोंडा मारून राक्षस पाडला तिथवर सगळे सांगतात. पुढं राजा झाल्यावर त्यानं आपल्याच शिपायाची बायको घेतली, शिपायाला मारवलं, आन् एका माणसानं भर दरबारात त्याला ते तोंडावर सांगितलं, ते मी सांगणार आहे. तुम्ही बी या ऐकायला. ते चहा अर्धा टाकून गेले.

हेवा गेला न्हाय. खोटं कशाला बोलू. पोरांपुढं चक्क खोटं बोलून बी ग्रेसताईला कुणी माफी माग म्हणलं न्हाय, याचा आता नवा हेवा आहे. पण या हेव्याला मी पाप म्हणणार न्हाय. म्हणायला लावलं तरी म्हणणार न्हाय.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिला दमा आहे, दोन पावसाळे काढले म्हंजे लई, असं ती स्वतःच म्हणते. तिनं विचारलं.

"माझी माती कोण करंल गं?"

"म्या करीन," मी म्हणलं. "खड्डा आपल्या गल्लीतले खांदतील. वचन म्या वाचीन, आपल्या बोलीत. माफी मागून तुझी माती करून घेणार न्हाय."